नव्या घोंगड्याची भोकं

माझ्या धोंडाआत्याचे पाय सध्या पुण्यात फेमस आहेत. आत्या नाही, नुसते पाय. घोट्याच्या वर फोटो कापलाय. भेगाळलेल्या टाचा, अंगठ्याचं फुटकं नख, बोटांच्या बेचक्यात आमच्या वाडीची तांबडी माती. कपड्यांच्या एका महागड्या दुकानाची जाहिरात आहे ती. खाली लिहिलंय, 'जमिनीशी नातं', आणि त्याच्याखाली लाल बदामांचा नुसता खच. वर्षाराणीनं वर्गात मोबाईल माझ्यापुढं धरला आणि विचारलं, हे तुझ्या आत्याचे पाय ना गं, कसले भारी आलेत. मी तिचा मोबाईल बाकावर पालथा घातला. ती माझी जिवाभावाची मैत्रीण आहे म्हणून पालथा घातला, नाहीतर खिडकीतून गेला असता.

ते पाय अनवाणी का आहेत, हे त्या फोटोखाली एकानंही विचारलेलं नाही. म्हणून मी सांगते. मला आता सांगता येतं. मागच्या वर्षीपर्यंत मला कुणी नाव विचारलं तरी मी आईच्या पाठीमागं जायचे. पण ह्या जानेवारीत वेल्ह्याला तालुक्याची वक्तृत्व स्पर्धा झाली, त्यात मी पहिली आले, आणि तेव्हापासून माझं तोंड उघडलं ते उघडलंच. आई म्हणते, ह्या पोरीला ढाल कशाला दिली त्यांनी, झाकण द्यायचं.

तर पाय.

मी आठवीत असताना मला कावीळ झाली आणि ती पार अंगात भिनली. मला पुण्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दादांना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं आणि दादा, म्हणजे माझे वडील, भिंतीला टेकून खाली बसले, एवढंच मला आठवतं. आत्या तेव्हा वाडीवर होती, मेंढरांमागं. तिनं काय केलं, तर बिरोबाच्या दगडापुढं उभी राहिली आणि नवस बोलली. माझी पोर उठून बसू दे, तुला जावळाचं घोंगडं घालीन, आणि ते घालीस्तवर पायात पायताण घालणार न्हाई.

मी सलाइननं बरी झाले हे मला माहीत आहे. विज्ञानात मला चांगले मार्क आहेत. पण मी बरी होऊन घरी आले तेव्हा उंबऱ्याबाहेर आत्याच्या चपला नव्हत्या. त्या तिनं वळचणीला टांगल्या होत्या. ते बघून मला जे वाटलं त्याला विज्ञानात धडा नाही.

आता जावळ म्हणजे काय ते ज्यांच्या घरी मेंढरं नाहीत त्यांना सांगायला हवं. बाळाचं जावळ असतं ना, तसंच कोकराचं. पहिल्यांदा कातरलेली लोकर. एका कोकराला ती एकदाच येते. दुसऱ्यांदा कातरली की ती नुसती लोकर. पहिली ती जावळ, आणि ती इतकी मऊ असते की हातात घेतली तरी काही घेतलंय असं वाटत नाही. आमचा कळप लहान. काळी कोकरं त्याहून कमी. त्यामुळं आत्यानं दोन वर्षं जावळ साठवलं. दुसऱ्यांची मेंढरं कातरायला गेली की मजुरी घ्यायची नाही, काळ्या कोकरांचं जावळ मागायचं. मेंढरांमागं चालताना एका हातानं चाती फिरवत सूत काढायची. पायात काटा मोडला की खाली बसायची, काटा काढायची, परत चाती फिरवत उठायची. मग दादांनी ते सूत फलटणच्या बाजूच्या एका सनगराकडं नेलं आणि त्यानं मागावर विणून दिलं. फाल्गुनात घोंगडं घरी आलं. आत्यानं त्याच्या दशा स्वतः वळल्या आणि एका कोपऱ्यात हळदीचा दोरा बांधला. चैत्रात बिरोबाची जत्रा. तोवर ते धुतलेल्या धोतरात गुंडाळून पेटीत ठेवलं. कुणी पांघरायचं नाही. मी एकदा नुसतं गालाला लावून बघितलं तर आत्यानं माझ्या हातावर चापट मारली आणि मग स्वतःच गालाला लावून बघितलं.

जत्रेच्या आधी अमृतदादा मॅडमला घेऊन आला.

अमृतदादा माझा चुलतभाऊ. पानशेतच्या पाण्यावर एक मोठा रिसॉर्ट आहे, तिथं तो कामाला आहे. इस्त्रीचा शर्ट घालतो, छातीवर नावाची पट्टी असते. त्याच्या रिसॉर्टवर फॅशन शो होणार होता आणि तो करणाऱ्या रेवा मॅडमना 'खरी वाडी' बघायची होती. ह्या मॅडम कपडे बनवतात. त्यांच्या दुकानात कपड्याला किमतीची चिठ्ठी नसते म्हणे. अमृतदादा म्हणाला, किंमत विचारतो तो त्यांचा गिऱ्हाईकच नव्हे.

मी खोटं कशाला बोलू, मला मॅडम आवडल्या. सुती साडी आणि तिच्याखाली बूट, असं मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते आणि ते इतकं झकास दिसत होतं की मी तेव्हाच ठरवलं, दहावीच्या निरोप समारंभाला आपण हेच करायचं. त्या आमच्या गोठ्यात नाक न मुरडता आल्या. दादांना अहो-जाहो केलं. ताकाचा तांब्या उचलून वरून प्यायल्या आणि पदरावर सांडलं तर हसल्या. मला विचारलं, मोठेपणी काय करणार. मी म्हटलं, बोलणार. त्या म्हणाल्या, नक्की बोल.

कुडावर आत्याचं जुनं घोंगडं वाळत होतं. ते तिनं किती पावसाळे डोक्यावर घेतलं असेल कुणास ठाऊक. चुलीच्या ठिणग्यांनी पडलेली भोकं, करवंदीच्या काट्यांनी ओढलेले धागे, एक कोपरा तर कुत्र्यानं खाल्लेला. मॅडमनी ते उचललं आणि उजेडावर धरलं. भोकांतून ऊन आलं आणि त्यांच्या तोंडावर ठिपके ठिपके पडले. त्या कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, हे मला शोपुरतं द्याल का, जत्रेच्या आधी परत आणून देते.

आत्या शरमेनं लालेलाल झाली. पाहुणी बाई दारात आलेली आणि हातात हे लक्तर. तिनं ते मॅडमच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतलं आणि पाठीमागं लपवलं.

मॅडम म्हणाल्या, "अहो आजी, मला जुनंच चालेल. खरं तर जुनंच हवंय."

आता इथंच सगळी गोम आहे, म्हणून नीट सांगते. आमच्याकडं पाहुणा 'शिळी भाकर चालंल' म्हणाला की लगेच तवा चढवायचा असतो. 'घोटभर पाणीच द्या' म्हणाला की दूध तापवायचं असतं. पाहुण्यानं कमी मागायचं, घरच्यानं चांगलं द्यायचं, ही रीत. पाहुणा खरोखरच शिळ्या भाकरीसाठी एवढा डोंगर चढून आला असेल, हे कुणाच्या डोक्यात येणार? आत्याच्या आलं नाही. दादांच्या नाही, माझ्या नाही, आणि रिसॉर्टवर राहून शहाण्या झालेल्या अमृतदादाच्याही नाही. आत्या आत गेली आणि पेटी उघडल्याचा आवाज आला.

दादा तिच्या मागं गेले. "आक्के, देवाचं हाय ते."

"देवाचं हाय म्हणून तर देती," आत्या म्हणाली. "आपल्यात चांगलं तेवढंच हाय. पाव्हणीच्या खांद्यावर येक दिस गेलं म्हणून देव काय रुसतोय व्हय?"

तिनं धोतराची गुंडाळी सोडून जावळाचं घोंगडं मॅडमच्या हातावर ठेवलं. मॅडम क्षणभर गोंधळल्या. परत एकदा कुडाकडं बघितलं. मग घोंगड्यावर हात फिरवला आणि हे तर फारच मऊ आहे म्हणाल्या. जाता जाता त्यांचं लक्ष आत्याच्या पायांकडं गेलं. चपला नाही घालत का, असं विचारलं. नवसाची गोष्ट परक्या माणसाला काय सांगायची, म्हणून आत्या नुसतं म्हणाली, सवय हाय. मॅडमनी खाली बसून फोटो काढला. आत्यानं फोटोसाठी तोंडावरून हात फिरवला, पदर नीट घेतला आणि हसली. ते हसू फोटोत नाही.

शोला आम्हाला बोलावणं आलं. 'खास पाहुणे' म्हणून. न्यायला गाडी येणार होती. वाडीत गवगवा झाला. आत्यानं हिरवी साडी काढली, तिच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली, अमृतदादाच्या लग्नात मानाची मिळालेली, जरीच्या काठाची. शेजारच्या सखूबाईंची बोरमाळ मागून आणली. केसाला खोबरेल लावून अंबाडा घातला. मी माझी भोरच्या बाजारातली जीन्स आणि पिवळा कुर्ता घातला. दादा आले नाहीत, मेंढरांना सुट्टी नसते. गाडीत आत्या सीटच्या टोकावर बसली होती. पायांची माती लागेल म्हणून तिनं दोन्ही पाय वर उचलून धरलेले, पार पानशेतपर्यंत.

आणि तिथं गेल्या गेल्या एक मुलगी कानात वायर घालून पळत आली आणि आत्याकडं बघून तिचा चेहराच पडला. ती म्हणाली, ही साडी नाही चालणार. तिनं आम्हाला एका खोलीत नेलं आणि आत्याला दुसरी साडी दिली. विटक्या रंगाची, पदराला दोन ठिगळं, काठ विरलेला. मी साडी हातात घेतली तर तिला कोऱ्या कापडाचा वास येत होता. कोरी साडी धुऊन, उकळून, घासून विटवलेली. ठिगळंसुद्धा कोरी.

मी विचारलं, आत्याच्या हिरव्या साडीत काय वाईट आहे? ती म्हणाली, वाईट नाही गं, पण फार नटल्यासारखं वाटतं, आम्हाला आजी ओरिजिनल हव्यात. मग तिनं बोरमाळही काढायला लावली. पायांकडं मात्र बघून खूश झाली. पाय परफेक्ट आहेत म्हणाली.

मी तोंड उघडणारच होते. ओरिजिनल आत्या ती, जी शोसाठी हिरवी साडी नेसून आली होती. शेजारणीची माळ मागून घेऊन आली होती. नटायची हौस काय फक्त तुम्हालाच असते का? पण आत्या म्हणाली, पेरणे, गप. ती मला प्रेरणा म्हणू शकत नाही, पेरणाच म्हणते. म्हणाली, त्या बाईचं घर हाय, तिची रीत हाय, आपुन पाव्हणं.

आम्हाला खुर्च्यांवर नाही बसवलं. खुर्च्यांवर पुण्या-मुंबईचे लोक होते. आमच्यासाठी एका बाजूला बाज टाकली होती. शेजारी कंदील, ताकाची रवी, आणि दावणीला दोन कोकरं. कोकरांना शाम्पूनं आंघोळ घातली होती. आत्यानं एकाला हुंगलं आणि पहिल्यांदाच खुदकन हसली. म्हणाली, ह्येची आय आता ह्येला वळखायची न्हाई.

ऊन कलायला लागलं तसं गाणं सुरू झालं. गाणं कसलं, ढोलाचा आवाज आणि मध्येच मेंढरांचं बें-बें, रेकॉर्ड केलेलं. शोचं नाव 'रानवट'. एकेक मुलगी लाकडी वाटेवरून चालत यायची, टोकाला थांबायची, वळायची. काही कपडे खरंच सुंदर होते, मी नाही म्हणणार नाही. फॅशन वाईट असते असं मला म्हणायचंच नाही. मला नटायला आवडतं. पण हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं की ह्या सगळ्या कपड्यांना काहीतरी झालंय. कुणाची बाही फाटकी, कुणाचा काठ जळका, कुणाच्या पाठीवर चिखलाच्या रंगाचे शिंतोडे. शेवटी एक उंच मुलगी आली आणि तिच्या खांद्यावर आमचं घोंगडं होतं.

मी ओळखलं नाही. आत्यानं ओळखलं, कोपऱ्यातल्या हळदीच्या दोऱ्यावरून. तिनं माझं मनगट धरलं.

घोंगड्याला भोकं होती. खांद्याशी, पाठीवर, खालच्या अंगाला, सगळीकडं. काही नखाएवढी, काही मुठीएवढी. दशा कातरलेल्या, जणू कुत्र्यानं खाल्ल्यात. मागून दिवा सोडला होता आणि भोकांतून उजेड येऊन त्या मुलीच्या हातांवर, गळ्यावर ठिपके पडले होते. लोक हळूच आहा म्हणाले.

आत्या बाजेवरून उठली. मी तिचा पदर धरला, पण तो ठिगळाचा पदर हातातून सुटला. ती सरळ त्या लाकडी वाटेवर चढली. वायरवाली मुलगी धावली पण उशीर झाला. आत्या त्या उंच मुलीसमोर उभी राहिली आणि घोंगड्याचं भोक बोटांनी चाचपत तिनं विचारलं, "काटं लागलं का गं पोरी? कुटं पडलीस? तुला तर लागलं न्हाई ना?"

आत्यानं भोक नाकाशी नेलं. जळालेल्या लोकरीचा वास आमच्यात लहान पोरालाही कळतो. तिनं दुसरं भोक हुंगलं. मग तिसरं. मग तिनं हात खाली सोडले.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

खरंच सांगते, उभं राहून वाजवल्या. त्यांना वाटलं हा शोचाच भाग आहे. ठिगळाच्या साडीतली अनवाणी म्हातारी येते, घोंगड्याला हात लावते, शेवट. शेकडो मोबाईल वर झाले. त्या क्षणी माझ्या आत जे उकळलं ते मला ढालीच्या दिवशीही वाटलं नव्हतं. तेव्हा मी आनंदानं फुटले होते, आता रागानं फुटले, पण ताकद तीच. निवेदन करणाऱ्या बाईंच्या हातातला माईक मी घेतला. मागून अमृतदादा ओरडत होता, पेरणे, माझी नोकरी जाईल. मला ऐकू आलं. तरी घेतला.

मी म्हटलं, "हे घोंगडं फाटकं नव्हतं. ह्याला काटा लागला नाही, ठिणगी लागली नाही, पाऊस लागला नाही. हे अजून कुणी पांघरलंच नव्हतं. ह्याला भोकं तुमच्यासाठी पाडलीत. तुम्हाला आमच्यासारखं दिसायचंय, आमच्यासारखं भिजायचं नाही."

त्यांनी परत टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतला एक माणूस शेजारणीला म्हणाला, किती खरं वाटलं ना. वाटलं! वक्तृत्व स्पर्धेत वेळ संपला की घंटा वाजते. इथं घंटा वाजवायला कुणी नव्हतं. मी म्हटलं, टाळ्या वाजवू नका. ते हसले. मी परत म्हटलं, हळू आवाजात, आमच्या सरांनी शिकवलं होतं तसं, की मोठ्यानं ओरडण्यापेक्षा हळू बोललेलं लांब जातं. टाळ्या वाजवू नका. तेव्हा थांबल्या. ढोलही कुणीतरी बंद केला. रेकॉर्डमधली मेंढरं मात्र बराच वेळ बें-बें करत राहिली.

मी जिंकले असेन तर तेवढंच.

उंच मुलीनं घोंगडं खांद्यावरून काढलं आणि सॉरी आजी म्हणत आत्यापुढं धरलं. आतून तिच्या अंगावर अगदी पातळ काहीतरी होतं. धरणावरून वारा सुटला होता. आत्यानं घोंगडं घेतलं, झटकलं आणि परत तिच्याच खांद्यावर टाकलं. आत जाईस्तवर ऱ्हाऊ दे म्हणाली, गारठशील. मला वाटलं मी आता आत्यालाच धरून गदागदा हलवते. एवढं झाल्यावरसुद्धा! पण तिला दुसरं काही येतच नाही.

आतल्या खोलीत मॅडम आल्या. त्या चिडलेल्या नव्हत्या, तेच वाईट. त्यांचे डोळे भरले होते. मी त्यांना विचारलं, का केलंत. त्या म्हणाल्या, "प्रेरणा, मी जुनंच मागितलं होतं ना? दोनदा सांगितलं होतं. तुम्ही नवं दिलंत. मला जुनं हवं होतं, मग मला ते जुनं करावं लागलं."

आणि ते खरं होतं. खोलीच्या कोपऱ्यात पॉलिश पेपर पडला होता, त्याला काळी लव चिकटलेली. आत्याच्या दोन वर्षांची लव. ती बघितली आणि मला शब्द सापडले.

मी म्हटलं, "तुम्ही आमच्याकडं वाईट मागितलंत, आम्ही चांगलं दिलं. तुम्ही त्याचं वाईट केलंत आणि त्याला सुंदर म्हणालात. मग आमच्याकडं जे खरंच चांगलं आहे, ते तुम्हाला दिसतं तरी का?"

त्या म्हणाल्या, मला वाटलं मी तुमचा मानच करतेय. हे घोंगडं आता जगात एकमेव आहे, कुणी म्हणेल ती किंमत देईल, मी स्वतः देते. आजींना विचार काय हवं. आत्या तोवर कोपऱ्यात पाठ करून विटकी साडी सोडून आपली हिरवी नेसत होती. तिनं निऱ्या खोचल्या, पदर घेतला आणि मगच वळली. देवाचं इकत न्हाईत म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. मॅडमना देवाचं म्हणजे काय ते कळेना, तेव्हा मीच सगळं सांगितलं. कावीळ, जावळ, जत्रा, पाय. मग मॅडम एक खोका घेऊन आल्या. त्यात चामड्याच्या चपला होत्या, हातानं शिवलेल्या, फुलांची वेलबुट्टी काढलेल्या, इतक्या देखण्या. आजी, निदान एवढं तरी घ्या.

आत्याला हसू आलं. खरंखुरं. "बाई, त्येच तर आता जमायचं न्हाई."

बिरोबाच्या जत्रेला आम्ही गेलो. भोकाचं घोंगडं देवाला घालत नाहीत. रफू केलेलंही नाही. सनगर म्हणाला होता, बेमालूम भरून देतो, कुणाला कळणार नाही. आत्या म्हणाली, मला कळंल. गजी नाचणाऱ्यांचा ढोल वाजत होता, तो खरा. भंडारा उधळत होता. आत्यानं नारळ ठेवला आणि देवाला सांगितलं, जसं शेजारणीला सांगावं, की यंदा उशीर व्हणार हाय बाबा, पाव्हणं आलं व्हतं. बस्स, एवढंच. एक अक्षर जास्त नाही. मी पाठीमागं उभी राहून दात खात होते. मला देवाचाही राग आला. म्हटलं, तू तरी म्हण की, असू दे, फाटकं चालंल. पण मग वाटलं, तो तसं म्हणाला असता तरी आत्यानं तवाच चढवला असता.

अमृतदादाची नोकरी टिकली. तो माझ्याशी बरेच दिवस बोलला नाही, आता बोलतो. मॅडमनी दोनदा फोन केला. त्या वाईट बाई नाहीत, असं दादा म्हणतात. आणि मग परवा त्या पायांचा फोटो दुकानाच्या जाहिरातीला लावला. सगळं कळल्यावरसुद्धा! त्यांनीच लावला की त्यांच्या माणसांनी, मला माहीत नाही, आणि मला त्यानं काही फरक पडत नाही. वर्षाराणीच्या मोबाईलवरून मी खाली लिहिलं, 'हे पाय अनवाणी आहेत कारण तुम्ही त्यांच्या नवसाला भोकं पाडलीत.' दुपारच्या सुट्टीपर्यंत ते पुसलेलं होतं. बदाम तसेच होते. मी परत लिहिलं. मग वर्षाराणीला ते पानच दिसेनासं झालं.

त्या दिवशी मी शाळेतून आले ती बूट काढून, लेसांची गाठ मारून आत्याच्या चपलांशेजारी वळचणीला टांगले. पांढरे बूट, ढालीबरोबर मिळालेल्या बक्षिसातून घेतलेले, माझा जीव की प्राण. म्हटलं, आजपासून मीही अनवाणी. तिचा नवस माझ्यासाठी आहे, तर पाय एकटीचेच का फुटायचे?

आत्या संध्याकाळी मेंढरं घेऊन आली. ह्या हंगामातली तीन काळी कोकरं तिच्या मागं मागं होती. त्यांचं जावळ अजून कातरायचंय. ती अंगणात बसली, पाय माझ्या मांडीवर टाकला आणि सुई दिली. टाचेत बाभळीचा काटा मोडला होता, खोल. मी सुईनं कोरत होते आणि कोरता कोरता तिला फोटोचं सांगत होते, बदामांचं, पुसलेल्या अक्षरांचं. रागानं माझा हात थरथरत होता. ती म्हणाली, आदी हात थीर कर, मंग राग कर. मग तिचं लक्ष वळचणीकडं गेलं.

"त्ये बूट कुनी टांगलं?"

मी सांगितलं. तिनं पाय मांडीवरून काढून घेतला, काटा अर्धवट तसाच.

"काड खाली. घाल पायात."

मी नाही म्हटलं.

"अगं येडे," आत्या म्हणाली, "दोगींच्या पायात काटं मोडलं तर काडायचं कुनी? येक तरी नीट उबी ऱ्हायला पायजे. घाल, आन् ऱ्हायलेला काड."

मी बूट घातले. अजून राग आहे. काटा काढला तेव्हाही होता, आता हे लिहितानाही आहे, आणि रात्री त्या जावळाच्या घोंगड्याच्या भोकांतून पाठीला वारा लागतो तेव्हा तर जास्तच असतो. आत्यानं ते मलाच दिलंय पांघरायला. हात मात्र आता थरथरत नाही.